इंग्रजीत पुढचं कसं बोलायचं? ‘विल’, ‘गोइंग टू’ आणि बाकी मंडळींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणाऱ्या, किंवा रोज ऑफिसात वापरूनही अडखळणाऱ्या मराठी माणसांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. इंग्रजीत भविष्यकाळ आहे की नाही? शाळेत ‘सिंपल फ्यूचर’ पाठ केला होता, आता ऐकतो की भविष्यकाळ नाहीच म्हणे.

दोन्ही म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे. मराठीत ‘कर’चं करीन, करशील, करेल असं रूपच बदलतं. इंग्रजीत ‘डू’चं भूतकाळी ‘डिड’ होतं, पण भविष्यासाठी असं वेगळं रूप नाही. ‘विल’ हे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’च्या पंगतीतलं साहाय्यक क्रियापद आहे, आणि पुढच्या गोष्टी सांगायला त्याच्याखेरीज आणखी पाच-सहा रचना वापरल्या जातात. परीक्षेत ‘सिंपल फ्यूचर’ असंच लिहा, मार्क त्याचेच आहेत. बोलताना मात्र ‘काळ कोणता?’ असं विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं: हे मी आत्ता ठरवलं, आधीच ठरवलंय, कुणाबरोबर पक्कं केलंय, की हा नुसता अंदाज आहे? रूप त्यावरून ठरतं, वेळेवरून नाही.

२. ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांत नेमका फरक काय?

आधी बेताबद्दल बोलू, अंदाजाचं प्रश्न ४ मध्ये आहे. समजा घरात कुणी म्हणालं, सिलिंडर संपला. तुम्ही म्हणालात, “ओह, आय'ल बुक वन.” म्हणजे तुम्हाला आत्ताच कळलं आणि तुम्ही आत्ताच ठरवलंत. तेच “आय नो, आय'म गोइंग टू बुक वन धिस ईव्हनिंग” म्हणालात, तर ते तुमच्या आधीपासून लक्षात होतं. ‘मला माहीत होतं’ हे वेगळं सांगावं लागत नाही, रूपच सांगून टाकतं. म्हणून बॉसने “रिपोर्टचं काय?” असं विचारल्यावर “आय'ल डू इट” म्हणणं जरा धोक्याचं. त्यांनी आठवण करेपर्यंत तुम्ही विसरला होतात, असा त्याचा वास येतो.

आपलं ‘करणार आहे’ बऱ्याचदा ‘गोइंग टू’शी जुळतं आणि ‘करीन’ ‘विल’शी. हा ताळा पुष्कळ वेळा कामी येतो. तो फसतो ती ठिकाणं प्रश्न ३, ४ आणि ८ मध्ये आहेत.

३. “मी संध्याकाळी फोन करतो” याचं “आय कॉल यू इन द ईव्हनिंग” का चालत नाही?

मराठीत आश्वासन देताना आपण सर्रास वर्तमानकाळ वापरतो: मी उचलतो, मी सांगतो त्याला, तू बस, मी दार उघडते. इंग्रजीत साधा वर्तमानकाळ सवय सांगतो. त्यामुळे “आय कॉल यू इन द ईव्हनिंग” हे ऐकणाऱ्याला ‘मी तुला रोज संध्याकाळी फोन करतो’ असं वाटतं. अशा जागी नेहमी ‘विल’, तेही आखडून: “आय'ल कॉल यू”, “आय'ल कॅरी इट”, “आय'ल टेल हिम”, “आय'ल गेट द डोअर”. पूर्ण “आय विल” म्हटलं तर ठासून सांगितल्यासारखं होतं. ‘करीन म्हटलं ना!’ अशा सुरात. लिहिताना ते खटकत नाही, बोलताना खटकतं.

याच वाटेवर दोन खड्डे आहेत. घरातून निघताना आपण ‘येते हं’ म्हणतो. त्याचं ‘आय कम’ नाही आणि ‘आय'ल कम’ही नाही, “आय'म ऑफ” किंवा नुसतं “सी यू” म्हणायचं. आणि कुणी हाक मारल्यावर आपण चक्क भूतकाळात ओरडतो, ‘आलोच!’ तिथे इंग्रजीत “कमिंग!” किंवा “आय'ल बी राइट देअर.” ‘आय केम’ म्हटलंत तर समोरचा दाराकडे बघेल.

४. आभाळ भरून आलंय. “इट विल रेन” की “इट्स गोइंग टू रेन”?

खूण डोळ्यांसमोर असेल तर ‘गोइंग टू’. ढग दिसतायत, म्हणून “इट्स गोइंग टू रेन.” ‘विल’ हे तुमच्या मताचं, अनुभवाचं किंवा माहितीचं भाकीत: “आय थिंक इट विल रेन ऑन द वीकेंड.”

मराठी माणूस इथे चुकतो त्याला कारण आहे. ‘अरे, पडशील!’ हे आपण ‘-शील’ लावून म्हणतो. मूल कठड्यावर डोलताना दिसत असेल, तर इंग्रजीत “केअरफुल, यू'आर गोइंग टू फॉल!” असं निघतं. “यू'ल फॉल” चुकीचं नाही, पण त्यात एक अट दडलेली असते: असाच चढत राहिलास तर पडशील. पहिलं वाक्य ओरडून म्हणतात, दुसरं समजावून.

पुस्तकांत हा फरक लक्ष्मणरेषेसारखा आखलेला असतो. प्रत्यक्षात “इंडिया विल विन” आणि “इंडिया इज गोइंग टू विन” यांत कुणी खोट काढत नाही. खूण समोर आणि घटना अगदी तोंडावर आलेली असेल, तेवढ्यापुरतं जपा.

५. ‘आय’ आणि ‘वी’बरोबर ‘शॅल’ लावायचं असं बाईंनी शिकवलं होतं. अजून तसंच आहे का?

नाही. या नियमाचं घराणं जुनं आहे. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. त्यात त्याने मांडलं की ‘आय शॅल’ म्हणजे नुसतं भाकीत आणि ‘आय विल’ म्हणजे वचन किंवा धमकी. ‘यू’ आणि ‘ही’बरोबर नेमकं उलट. पुढच्या व्याकरणकारांनी ते उचललं आणि फिरत फिरत ते आपल्या वह्यांपर्यंत आलं. बोलणाऱ्यांनी ते कधीच पुरतं पाळलं नाही. आज अमेरिकेत असं ‘आय शॅल’ जवळपास ऐकू येत नाही, ब्रिटनमध्येही ते मागे पडलंय.

‘शॅल’ जिवंत आहे ते दोन ठिकाणी. एक म्हणजे प्रश्नात, आपल्या ‘करू का?’ आणि ‘निघूया का?’च्या जागी: “शॅल आय ओपन द विंडो?”, “शॅल वी गो?” दुसरं म्हणजे कायद्यात. भारतीय संविधानाचा पहिलाच अनुच्छेद सुरू होतो तो “इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स” असा. तिथे कुणी भाकीत करत नाहीये. भाडेकरारात “द टेनंट शॅल पे” असं असेल, तर भाडेकरूवर ते बंधन आहे. सही करण्याआधी असे ‘शॅल’ मोजावेत.

६. “आय'म मीटिंग हिम टुमॉरो” हे चालू वर्तमानकाळात कसं? भेट तर उद्या आहे.

दुसऱ्याशी बोलून पक्कं झालेलं असलं, की हे रूप येतं. ‘गोइंग टू’ला तुमच्या मनातला बेत पुरतो, इथे वेळ ठरलेली, तिकीट काढलेलं किंवा समोरच्याला माहीत असलेलं लागतं. “आय'म गोइंग टू मॅरी हर” असं एखादा मित्र म्हणाला, तर कदाचित त्या मुलीलाही अजून पत्ता नसेल. “आय'म मॅरीइंग हर इन मे” म्हणाला, तर हॉल बुक झालाय आणि आहेराचं बघायला लागा.

वाक्यात किंवा संदर्भात पुढची वेळ हवी, नाहीतर ‘आत्ता चाललंय’ असा अर्थ होतो. जे माणसाच्या हातात नाही, त्याला हे रूप लागत नाही, म्हणून “इट्स रेनिंग टुमॉरो” चूक. ‘नो’सारख्या क्रियापदांनाही नाही: ‘निकाल उद्या कळेल’चं “आय'ल नो द रिझल्ट टुमॉरो.”

७. मग “द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन फिफ्टीन” यात तर ‘विल’ही नाही, ‘आयएनजी’ही नाही!

वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ चालतो. “द डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन” हे आजही खरं आणि उद्याही. परीक्षा, सिनेमाचे खेळ, शाळा उघडण्याची तारीख, कॅलेंडरवरचे वार, सगळं यात बसतं. तुमची दातांच्या डॉक्टरांकडची फेरी मात्र वेळापत्रक नव्हे; तिथे प्रश्न ६ मधलं रूप.

८. “तो येईल तेव्हा मी सांगीन” याचं “व्हेन ही विल कम, आय विल टेल” का चूक?

एकच प्रश्न निवडून घोटायचा असेल, तर हा घोटा. मराठीत दोन्ही बाजूंना भविष्य लागतं: येईल तेव्हा सांगीन. इंग्रजीत ते एकदाच, मुख्य वाक्यात लागतं. वेळ किंवा अट सांगणाऱ्या भागात साधा वर्तमानकाळ येतो. “व्हेन ही कम्स, आय'ल टेल हिम.” ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अनटिल’, ‘अनलेस’, ‘वन्स’, ‘ॲज सून ॲज’ या सगळ्यांना हाच नियम.

‘तर’च्या वाक्यांत आपण उलट दिशेने घसरतो. ‘पाऊस आला तर मॅच रद्द होईल’ असं आपण भूतकाळी रूपात म्हणतो, म्हणून “इफ इट रेन्ड” सुचतं. साध्या शक्यतेला “इफ इट रेन्स, दे'ल कॅन्सल द मॅच” एवढंच हवं. ‘रेन्ड’ म्हटलं की ‘येणार नाही म्हणा, पण समजा आलाच तर’ असा सूर लागतो, आणि मग पुढेही ‘दे'ड’ घ्यावं लागतं.

आणि ‘अनटिल’. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ यातला ‘नाही’ मराठीत हवाच. इंग्रजीत तो घेतला की वाक्य मोडतं. “वेट अनटिल ही डझन्ट कम” नव्हे, “वेट अनटिल ही कम्स.” चांगल्या चांगल्यांच्या मेलमध्ये हा ‘डझन्ट’ सापडतो.

९. तसं असेल तर “आय डोन्ट नो व्हेन ही विल कम” हे बरोबर कसं?

कारण ते ‘व्हेन’ वेगळं. ओळखायला मराठीच कामाला येते. मनात वाक्य म्हणून बघा. ‘तो केव्हा येईल माहीत नाही’ असं निघालं तर ‘विल’ ठेवा. ‘तो येईल तेव्हा बघू’ असं निघालं तर काढा. ‘इफ’चंही तसंच. ‘येईल का कोण जाणे’ याचं “आय वंडर इफ ही'ल कम” बरोबर. ‘आला तर बरं’ असेल तर ‘विल’ नाही.

दोन अपवाद लक्षात ठेवा. “इफ यू विल वेट अ मिनिट” यातलं ‘विल’ म्हणजे ‘थांबायची तयारी असेल तर’, ती सभ्य विनंती आहे. “इफ इट विल हेल्प, आय'ल टॉक टू हिम” यात मदत होणं हा नंतरचा परिणाम आहे: माझ्या बोलण्याने काम होणार असेल, तर बोलतो. मराठीत ‘होणार असेल तर’ असं आलं, की इंग्रजीत ‘इफ’नंतर ‘विल’ला जागा असते.

१०. “द कार वोन्ट स्टार्ट” म्हणजे गाडी पुढे कधी सुरू होणार नाही?

नाही, आत्ताच सुरू होत नाहीये, काही केल्या. इथे ‘वोन्ट’ म्हणजे अडून बसणं: “ही वोन्ट लिसन”, तो ऐकतच नाही.

उच्चाराचंही सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. ‘वोन्ट’मध्ये ‘ओ’ लांबवायचा, ‘डोन्ट’सारखा. आपण तो ‘वॉन्ट’च्या जवळ नेतो आणि “आय वोन्ट पे” हे ‘मला पैसे भरायचेत’ असं ऐकू येतं. फोनवर सरळ “आय विल नॉट” म्हणा.

११. ऑफिसात सगळे “आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो” लिहितात. हे जास्त नम्र आहे ना?

नाही. बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो, ‘जर काय झालं तर?’ कारण असं सुटं ‘वुड’ अटीची वाट पाहत राहतं. रजा मंजूर झाली आहे, मग “आय विल बी ऑन लीव्ह टुमॉरो” लिहा. यात उद्धटपणा काही नाही. ‘वुड’ची नम्रता कामी येते ती काही मागताना: “वुड यू सेंड मी द फाइल?”, “आय वुड लाइक टू जॉइन.”

‘वुड’ची आणखी एक हक्काची जागा आहे. मराठीत आपण ‘येईन म्हणाला’ असं त्याच्याच तोंडचं वाक्य ठेवतो. इंग्रजीत “ही सेड ही वुड कम.” यायची वेळ अजून पुढे असेल, तर “ही सेड ही'ल कम” हेही खपतं.

१२. “विल यू कम?”, “आर यू कमिंग?”, “विल यू बी कमिंग?” तिन्ही एकच ना?

पहिलं आमंत्रण किंवा विनंती: येशील का? दुसऱ्यात बेत विचारलाय: येतोयस ना, ठरलंय ना? तिसऱ्यात दबाव सर्वांत कमी. तुमचं जे काही ठरलं असेल ते फक्त कळू द्या. म्हणून हॉटेलवाले “विल यू बी हॅविंग डिनर विथ अस?” असं विचारतात. शेजाऱ्याची गाडी मागायची असेल, तर सुरुवात “विल यू बी यूझिंग द कार टुनाइट?” अशी करावी. मागणंही झालं आणि त्याला नाही म्हणायला वाटही राहिली.

‘उद्या या वेळी मी विमानात असेन’ या धर्तीवरही हेच रूप: “धिस टाइम टुमॉरो, आय'ल बी फ्लाइंग टू दुबई.”

१३. अंदाज पक्का नसेल तर ‘मे’, ‘माइट’, ‘प्रॉबेबली’ यांतलं काय वापरू?

खात्रीच्या उतरत्या क्रमाने साधारण असं: “शी'ल डेफिनिटली पास”, “शी'ल प्रॉबेबली पास”, “शी मे पास”, “शी माइट पास”. शेवटच्या दोहोंत आता फारसं अंतर राहिलेलं नाही. ‘प्रॉबेबली’ची जागा सांभाळा: होकारात ‘विल’नंतर, नकारात ‘वोन्ट’च्या आधी. “शी'ल प्रॉबेबली कम”, पण “शी प्रॉबेबली वोन्ट कम.”

‘शुड’ विसरू नका. “द पार्सल शुड अराइव्ह बाय थर्सडे” यात उपदेश नाही. सगळं सुरळीत चाललं तर यायला हवं, असा हिशेब आहे. म्हणूनच वाईट गोष्टींच्या अंदाजाला तो सहसा लावत नाहीत.

‘लाइकली’ हा शब्द रोजच्या बोलण्यात सैल आहे, काही ठिकाणी मात्र त्याला मोजमाप असतं. हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के. असे अहवाल मराठीत आणताना दोन्हीकडे ‘शक्यता आहे’ लिहून भागत नाही.

शुभेच्छा देताना “आय विश यू विल गेट द जॉब” नको. “आय होप यू गेट द जॉब” म्हणा. ‘होप’नंतर वर्तमानकाळ किंवा ‘विल’, दोन्ही चालतात.

१४. “तो आता घरी पोचला असेल” यात तर भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही दिसतात. इंग्रजीत काय?

“ही'ल हॅव रीच्ड होम बाय नाउ.” इथे दोन्ही भाषांची चाल एकच आहे. ‘असेल’ने आपण जसा आत्ताचा तर्क करतो, तसा इंग्रजी ‘विल’ही करतो. दारावरची बेल वाजली की “दॅट'ल बी द मिल्कमन”, दूधवाला असेल.

पुढच्या मुदतीलाही हीच रचना: “आय'ल हॅव फिनिश्ड बाय फ्रायडे.” सांभाळायचं ते ‘पर्यंत’ला. ‘शुक्रवारपर्यंत संपवीन’ आणि ‘शुक्रवारपर्यंत इथेच आहे’, मराठीत शब्द एकच. इंग्रजीत संपण्याच्या मुदतीला ‘बाय’ आणि तोवर चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. “आय'ल फिनिश टिल फ्रायडे” हे वाक्य ग्राहकाला पाठवू नका.

१५. “मी तुला फोन करणारच होतो” कसं म्हणू?

“आय वॉज जस्ट अबाउट टू कॉल यू.” ‘अबाउट टू’ म्हणजे अगदी बेतात, म्हणून त्याबरोबर ‘टुमॉरो’ किंवा ‘ॲट फाइव्ह’ येत नाही. जरा लांबचा, बारगळलेला बेत असेल तर “आय वॉज गोइंग टू कॉल, बट…” आणि पुढे तुमची सबब.

१६. “आय'म गोइंग टू गो” विचित्र नाही का वाटत? आणि ‘गॉना’ वापरू का?

विचित्र वाटलं तरी अगदी बरोबर आहे, इंग्रज रोज बोलतात. नुसतं “आय'म गोइंग” म्हटलं तरी काम होतं.

‘गॉना’ म्हणजे घाईत बोललेलं ‘गोइंग टू’. बोला, पण अर्जात लिहू नका. पुढे क्रियापद असेल तरच ते चालतं: “आय'म गॉना ईट” ठीक. “आय'म गॉना नाशिक” मात्र नाही, कारण तिथे ‘गोइंग’ म्हणजे खरोखरचं जाणं आहे आणि ‘टू’ त्या गावाचं आहे.

१७. पेपरात “पीएम टू व्हिजिट पुणे” छापतात. यात ‘विल’ कुठे गेलं?

मथळ्यात जागा वाचवायला ‘इज’ गाळतात. पूर्ण वाक्य “द पीएम इज टू व्हिजिट पुणे”, म्हणजे अधिकृतपणे ठरलेला कार्यक्रम. सरकारी पत्रकांत आणि बातम्यांत हे शोभतं. “आय ॲम टू व्हिजिट माय आत्या” घरात कुणी म्हणत नाही. आदेशालाही हेच रूप: “यू आर टू रिपोर्ट ॲट नाइन”, नऊला हजर व्हायचं.

‘इफ’नंतर हे आलं तर अर्थ फिरतो. “इफ यू आर टू पास, यू मस्ट स्टडी” म्हणजे पास व्हायचं असेल तर अभ्यास करावा लागेल. इथे ‘पास होणं’ हा हेतू आहे, अट नाही, म्हणून प्रश्न ८ मधला वर्तमानकाळ वापरून “इफ यू पास, यू मस्ट स्टडी” केलंत, तर पास झाल्यावर अभ्यासाला बसायची पाळी येईल.